फोटोच्या कडेचा माणूस

आबांची पेटी उघडायची नाही, असं हेमकांतने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कामिनीला कळलं की हा नुसता म्हाताऱ्याचा हट्ट नाही. मोठाभाऊ हट्टाला पेटला की आवाज चढवतो, ओसरीवर येरझाऱ्या घालतो. आज तो खाटेवर बसून होता आणि बोलताना कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हता.

धर्मेंद्रला ते दिसलं नाही. त्याला दिसत होता फक्त पुढचा बुधवार. ब्राह्मणपुरीच्या शाळेत काचेचं कपाट येऊन पडलं होतं, पाहुण्यांना निरोप गेले होते. धुडकू आबा म्हणजे या तिघा भावंडांचा बाप. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाबरोबर ब्रह्मदेशात गेलेला गावातला एकमेव माणूस. तो रिगर होता, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पंख दुरुस्त करणारा कारागीर. गावात त्याला मरेपर्यंत 'इमानना मिस्तरी', म्हणजे विमानाचा मिस्तरी, म्हणत. त्याची टोपी, बिल्ला, फोटो, जे काही असेल ते शाळेत मांडायचं, पोरांना दाखवायचं, ही कल्पना धर्मेंद्रची. दोन वेळा सरपंच झाल्यावर आणि तिसऱ्यांदा पडल्यावर त्याने मनापासून हाती घेतलेलं हे पहिलंच काम. कामिनीने त्याची बाजू घेतली होती ती त्यासाठीच. शहाद्याच्या सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यापासून ती माहेरच्या भांडणांत पडत नसे, पण या वेळी ती मुद्दाम सकाळच्या बसने आली होती.

"मोठाभाऊ, आठ दिवसवर कार्यक्रम उना," धर्मेंद्र म्हणाला. "आते नही उघाडानी, त कव्हय?"

मोहिनीभाभी, हेमकांतची बायको, आतून चहा घेऊन आली. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि कमरेच्या जुडग्यातली एक किल्ली काढून कामिनीच्या हातावर ठेवली. हेमकांत उठून केळीच्या बागेकडे निघून गेला. कापणी चालू होती, तेवढं कारण पुरेसं होतं.

पेटी काळ्या पत्र्याची होती. झाकणावर पांढऱ्या रंगात आबांचा नंबर होता, अर्धा उडालेला. वरच निळसर टोपी निघाली, बिल्ल्यासकट. तिच्याखाली तो रेशमी रुमाल, ज्यावर ब्रह्मदेशाचा नकाशा छापलेला होता. विमान रानात पडलं तर वैमानिकाला वाट सापडावी म्हणून असे रुमाल देत. एका वैमानिकाने जाताना आबांना तो देऊन टाकला होता. त्यांच्या आईने, जसोदाबाईने, तिन्ही पोरांना जन्मल्यावर पहिली टोपडी त्याच रुमालाची बांधली होती. ब्रह्मदेशातल्या नद्या डोक्यावर घेऊन आपण या घरात आलो, असं आबा हसून सांगत. धर्मेंद्रने रुमाल उलगडून उजेडात धरला. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो उगाच कपाटाच्या मापाबद्दल बोलत राहिला.

मग फोटो निघाला. हा फोटो घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. हरिकेन विमानापुढे उभे असलेले सात जण, त्यांत उजवीकडून तिसरे आबा. अगदी डाव्या कडेला, गटापासून हातभर लांब, आठवा माणूस. ठेंगण्या बांध्याचा, उघड्या पायांचा, एका हातात चहाची मोठी किटली. दुसऱ्या हाताच्या मनगटात कडं. तो कोण, असं कामिनीने लहानपणी विचारलं होतं. स्वयंपाकी व्हता, एवढंच आबा म्हणाले होते. धर्मेंद्रने या फोटोची मोठी प्रत शाळेसाठी आधीच करून आणली होती. भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या प्रतीत सात जण होते. फ्रेमवाल्याने सांगितलं होतं की कडेचा माणूस कापला तर विमान मधोमध येतं.

पेटीच्या तळाशी, लोकरी गळपट्ट्यात गुंडाळलेला, लाखेचा एक गोल डबा होता. काळा, वर तांबडी नक्षी, ब्रह्मी कारागिरीचा. हा डबा तिघांपैकी कुणीच पाहिला नव्हता, म्हणजे निदान दोघांनी तरी. कामिनीने झाकण फिरवलं. आत चांदीचं कडं होतं. दोऱ्यात ओवलेली एक तांबडी चकती होती, सैनिकाच्या गळ्यात असते तशी. इंग्रजी टंकलेखनाचा एक सरकारी कागद होता आणि घडी घातलेलं एक पत्र.

इंग्रजी कागद तिने आधी वाचला. दवाखान्यात आयुष्य गेल्यामुळे असले कागद तिला एका नजरेत कळत. रेहज्या नावाचा, हवाई दलाच्या स्वयंपाकघरात नेमलेला नोकर, वय चोवीस, अक्याब बेटावर तापाने मरण पावला, एप्रिल एकोणीसशे पंचेचाळीस. कळवायचा पत्ता, धुडकू पाटील यांचं घर, ब्राह्मणपुरी, पश्चिम खानदेश.

रेहज्या हे नाव तिने पूर्वी ऐकलं होतं. दवाखान्यात तिच्या हाताखाली शिकलेली ममता पावरा, तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यावरची. एकदा दुपारच्या पाळीला डबा खाताना ममताने तिला सांगितलं होतं, की त्यांच्या पाड्यात कुणी पोर गुजरातेत ऊसतोडीला निघालं की म्हातारी माणसं म्हणतात, बघ हां, रेहज्या होऊ नकोस. रेहज्या म्हणजे ममताच्या बापाचा बाप. तो लढाईवर गेला आणि तिकडेच दुसरी बाई करून राहिला, अशी सगळ्या डोंगराची समजूत होती. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने दगड बसवतात, सणावाराला त्याला पहिला घास देतात. रेहज्याचा दगड नव्हता. जिवंत माणसाचा दगड घालायचा कसा? म्हणून सणाला ममताचा बाप इंद्रसिंग बाकी पितरांना घास द्यायचा आणि आपल्या बापाच्या नावावर थुंकायचा.

कामिनीला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की ममताचं घर हे आबांच्या कुठल्या तरी जुन्या ओळखीतलं. दर होळीच्या आधी त्या घरी ब्राह्मणपुरीतून जोंधळ्याचं एक पोतं जायचं. आबांची रीत, म्हणून हेमकांत ती आजवर पाळत आला होता. रीत कशासाठी, हे कुणी विचारलं नव्हतं.

पत्र आबांच्या अक्षरात होतं. ती मोठ्याने वाचू लागली, कारण मनात वाचवेना.

"दिवलीस रेहज्याचा रामराम. धुडकूदादा लिहितो, मी सांगतो. इथे जे पाणी आहे त्याला पलीकडचा काठ नाही. खारट आहे, बैल तोंड लावणार नाही. मी शंभर माणसांचा चहा करतो. पहिल्या दिवशी विमान आले तेव्हा मी झाडावर चढून बसलो. आता दुपारी त्याच्याच पंखाखाली झोपतो. इथे बांबू आपल्यापेक्षा जाड आहे. मोहाचे झाड मात्र नाही, सगळीकडे बघितले. पोर झाले असेल. पोरगा की पोरगी ते कळव. कोणी खाली जात असेल त्याच्या तोंडी कळव, दादाच्या घरून इकडे चिठ्ठी येते. काळी शेळी विकू नको. मी येतो."

मोहिनीभाभीच्या हातातला कप तसाच राहिला होता.

हेमकांत जेवायच्या वेळेला परत आला. डबा उघडलेला बघून त्याने पायातल्या चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि येऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसला. खाटेवर नाही.

"माले ठाऊक व्हतं," तो म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं, ते कामिनीला पुढे कितीदा तरी आठवत राहिलं, कारण मोठाभाऊ आयुष्यात एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. रेहज्या आबांच्या बापाकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. दोघं बरोबरीच्या वयाचे. आबांनी भरतीचं मनात घेतलं तेव्हा एकटं जायची छाती होईना, म्हणून त्यांनी रेहज्याला गळ घातली. वरीसभरमा परत येऊत, म्हणाले. रेहज्याची बायको तेव्हा पोटुशी होती. धुळ्याला भरती झाली. आबा शिकलेले, ते कारागीर झाले. रेहज्याला स्वयंपाकघरात घेतलं. पत्ता काय लिहायचा, असं साहेबाने विचारलं, तर रेहज्याच्या पाड्याला पत्ताच नव्हता. आबांनी आपला दिला. अक्याबला ताप आला तेव्हा आठ दिवस आबा त्याच्या उशाशी होते. तो आपल्या बोलीत बडबडायचा आणि आबांना त्यातला अर्धाच अर्थ लागायचा.

लढाई संपल्यावर पुढच्याच होळीला आबा कडं आणि पाठवायचं राहून गेलेलं पत्र घेऊन डोंगर चढले. रेहज्याच्या बायकोने, दिवलीबाईने, पाणी दिलं. कडेवर तीन वर्षांचं पोर होतं. ती आबांच्या मागे, वाटेकडे बघत होती. तिने विचारलं, तो मागून येतोय का? आबांच्या तोंडून निघालं, हो, मागून येतोय.

"एवढंच बोलनं," हेमकांत म्हणाला. "पानीसुद्धा पिधं नही. तठून उतरनात ते परत कव्हयच चढनात नही."

त्यानंतर जोंधळ्याचं पोतं सुरू झालं. आधी सालदाराच्या खांद्यावर, हेमकांत सोळा वर्षांचा झाल्यावर त्याच्या खांद्यावर. आबांनी मरायच्या आधी त्याला जवळ बसवून हे सगळं सांगितलं आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. त्या शपथेला चौतीस वर्षं झाली होती. बापाने पाठीवर दिलेलं ओझं त्याने बापासारखंच वाहिलं, न बोलता.

कामिनीने विचारलं की ममताच्या घरच्यांना आता सांगणार ना. तिने ते हळूच विचारलं होतं, पण त्या प्रश्नाने घराचे दोन भाग झाले. सकाळपासून तिच्या बाजूने बोलणारा धर्मेंद्र एकदम हेमकांतच्या बाजूला गेला. बुधवारी आबांच्या गळ्यात हार पडायचा आणि त्याच्या तोंडावर आपणच जाऊन सांगायचं, की या माणसाने एका बाईला आयुष्यभर वाट बघायला लावलं? गावात काय तोंड दाखवायचं? वर डोंगरातले लोक चिडले तर? तो पुष्कळ बोलला. शेवटी म्हणाला, "सांगीसन काय व्हई, अक्का? मरेल मानूस परत येई का?"

हेमकांत शपथेवर अडून होता. कामिनी एकटी पडली. आपण सासरी गेलेली मुलगी, या घरात आपला शब्द पाहुण्याचा, हे तिला तेव्हा कडू लागलं.

तेव्हा मोहिनीभाभी बोलली. पन्नास वर्षांत ती नवऱ्याच्या विरोधात चारचौघांत बोलल्याचं कामिनीला आठवत नव्हतं. ती कपबशा गोळा करत होती, ते करता करताच म्हणाली, "परत नही येई. पन त्यानं पोरगं ऐंशी वरीसनं व्हयनं, ते आजून बापवर रागे भरी ऱ्हायनं. आबांनी शपथ तुम्हले दिधी. माले नही दिधी. तुम्ही नही गयात त मी जासू."

हेमकांत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने डोकं भिंतीला टेकवलं, आणि कामिनीला वाटलं की त्याच्या खांद्यांची ठेवणच बदलली. तो म्हणाला, उद्या सकाळी निघू. आणि पोतं मीच घेईन.

धर्मेंद्र रागाने उठून गेला. सकाळी मात्र गाडी घेऊन तोच दारात उभा होता. घाटात तुम्हाला भाड्याच्या गाडीने कोण नेणार, असं काहीतरी पुटपुटला. मागच्या सीटवर त्याने मूळ फोटो ठेवला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याच्या दोन बाजूंना कामिनी आणि मोहिनीभाभी बसल्या.

म्हसावद मागे पडलं, डोंगर सुरू झाला. पळस फुलले होते. होळीसाठी गुजरातेतून परतणारे मजूर जीपच्या टपांवर बसून वर चालले होते, मांडीवर पोरं, ताटल्या, ढोल. सातपायरी घाटाच्या वळणांवर धर्मेंद्र गाडी सावकाश चालवत होता. हेमकांत पुढच्या सीटवर बसून प्रत्येक वळणावर सांगत होता, इथे मी पोतं टेकायचो, इथे पाणी प्यायचो. जणू तो रस्ता त्याचा होता आणि इतक्या वर्षांनी तो कुणाला तरी दाखवत होता.

ममता तोरणमाळच्या आरोग्य केंद्रात नोकरीला होती. कामिनीने तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की तुझ्या आजाबद्दल काही सापडलंय. ती केंद्रासमोर वाट बघत उभी होती. कामिनीने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, काही न लपवता. ममताने खाली बघत ऐकलं. मग विचारलं, "सिस्टर, बाबांना हे कोण सांगणार?"

"मोठाभाऊ सांगेल."

"बरं झालं," ममता म्हणाली. "मला सांगता आलं नसतं."

पाडा तिथून तासाभराच्या अंतरावर होता. शेवटचा टप्पा पायी. इंद्रसिंग घरापुढच्या मोहाखाली बसून बांबूच्या कांब्या तासत होता. ब्याऐंशी वर्षांचा, पण हात सावकाश आणि नेमका चालणारा. त्याची सून कालीबाई आतून खाट घेऊन आली. हेमकांतला ओळखून त्याने हात वर केला, पोत्याकडे बघून मान डोलावली. मग त्याच्यामागे आणखी दोघंतिघं बघून त्याने कोयता खाली ठेवला.

हेमकांत खाटेवर बसला नाही. इंद्रसिंगसमोर उकिडवा बसला आणि अहिराणीत बोलू लागला. इंद्रसिंगला ती कळत होती, अडलं तिथे ममता त्यांच्या पावरी बोलीत सांगत होती. भरती, पत्ता, ताप, अक्याब. मग होळी, पाणी, आणि ते दोन शब्द. ते सांगताना हेमकांत फार सावकाश बोलला, पाटावर मूर्ती ठेवताना माणूस हात जपून काढून घेतो तसा. कामिनी इंद्रसिंगच्या हातांकडे बघत होती. ते हलले नाहीत.

कालीबाई दारात उभी होती. इंद्रसिंग काहीतरी बोलला. ममताने हेमकांतकडे बघत ते मराठीत सांगितलं, "बाबा विचारतात, तुम्ही तरुण होता तेव्हापासून पोतं आणता. तुमच्या खांद्यावरून मी उतरवून घ्यायचो. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का?"

"पहिले नव्हतं," हेमकांत म्हणाला. "मांगे ठाऊक पडनं. तरी मी बोलनू नही."

इंद्रसिंगने मान फिरवली. धर्मेंद्र अस्वस्थ होऊन पुढे झाला, काहीतरी समजावू लागला. आबांच्या मनात वाईट नव्हतं, काळ तसा होता. कामिनीने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तो थांबला. मग त्याने वर्तमानपत्र सोडून फोटो काढला आणि इंद्रसिंगच्या मांडीवर ठेवला. डाव्या कडेवर बोट ठेवलं.

इंद्रसिंगने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. कामिनीने तोवर कडं आणि चकती त्याच्यासमोर ठेवली होती. त्याने कडं उचललं आणि फोटोतल्या मनगटाशी लावून बघितलं, बाजारात वस्तू पारखतात तसं. ममताने पत्र वाचायला घेतलं. एकेक वाक्य मराठीत मनाशी वाचायची आणि पावरीत सांगायची. खारट पाण्याशी कालीबाई हसली. शंभर माणसांच्या चहाशी इंद्रसिंगही किंचित हसला. 'पोरगा की पोरगी ते कळव' इथे ममताला थांबावं लागलं. इंद्रसिंगने तिच्याकडे बघितलं, आणि तिने ते कसंबसं सांगितलं.

त्याने एकच प्रश्न विचारला. मेला तेव्हा किती वर्षांचा होता? कामिनीने कागदात बघून सांगितलं, चोवीस.

म्हाताऱ्याने ते दोनदा विचारून घेतलं. मग तो बोलू लागला, फोटोकडे बघत, आणि ममता त्याच्या मागोमाग सांगत गेली.

"बाबा म्हणतात, माझा नातू पंचवीसचा आहे. मला वाटायचं तो माणूस मोठा होता, माझ्यासारखा, सगळं समजून गेला. तो तर पोरगा होता. मी ऐंशी वर्षं एका पोराशी भांडत होतो."

तो रडला ते तेव्हा. मोठा आवाज न करता, कडं मुठीत धरून. मोहिनीभाभी कुणाला न विचारता कालीबाईबरोबर चुलीपाशी गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने तो आधी इंद्रसिंगला दिला. त्याने घोट घेतला आणि तांब्या हेमकांतपुढे धरला. हेमकांतने तो दोन्ही हातांनी घेतला आणि शेवटपर्यंत रिकामा केला.

नंतर इंद्रसिंगने पोत्याकडे बोट दाखवलं. हे शेवटचं, तो म्हणाला. पुढच्या होळीला जोंधळे आणायचे नाहीत. हेमकांतचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, दार बंद झालं, आणि कामिनीलाही तसंच वाटलं. पण इंद्रसिंगचं बोलणं संपलं नव्हतं. रिकाम्या हाताने या, असं तो म्हणत होता. दगड आणायचा आहे. जड असतो. माणसं लागतात. आणि हे पुढच्या होळीपर्यंत थांबवायचं नाही, याच होळीच्या आधी करायचं.

मग एकदम बोलणी सुरू झाली, लग्नघरात होतात तशी. कालीबाईने कोणत्या नाल्यात चांगला दगड आहे ते सांगितलं. ममताने रजेचा हिशेब केला. धर्मेंद्रने दगड वाहायला ट्रॅक्टर देऊ केला, मग पायवाट बघून तो विचार सोडला आणि स्वतः येतो म्हणाला. बुधवारच्या कार्यक्रमाला इंद्रसिंगने यावं, पहिल्या रांगेत बसावं, असं त्याने ममताला तिथेच सांगितलं. आणि शाळेसाठी केलेला फोटो आजच्या आज परत फ्रेमवाल्याकडे जाईल, आठही जणांचा होऊन येईल, त्याखाली दोघांची नावं एका ओळीत लिहिली जातील. आबांनी काय केलं ते लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, असं कामिनीने विचारलं. धर्मेंद्रने थोडा विचार केला. जे झालं तेच सांगू, म्हणाला. मीच सांगतो.

दगडावर काय कोरायचं, ते ठरायचं होतं. त्यांच्याकडे दगडावर घोडेस्वार कोरतात. मेलेला कधी घोड्यावर बसला असो वा नसो, पाथरवट घोडा काढतोच. इंद्रसिंगने मान हलवली. घोडा नको. त्याने फोटोतल्या विमानावर नख टेकवलं.

पण पाथरवटाने विमान जवळून पाहिलेलं नव्हतं, आणि फोटो काही कुणी कामावर देणार नव्हतं. त्याला द्यायचं चित्र आधी ठरवावं म्हणून हेमकांतने कांबीचा एक तुकडा उचलला आणि मोहाखालच्या मातीत आकार काढायला बसला. पंख त्याने फार मागे काढले. धर्मेंद्र म्हणाला, ते तसं नाही, आणि दुसरी कांबी घेऊन शेजारी बसला. त्याने पुढची पाती तीन काढली, हेमकांत म्हणे दोन. दोघं फोटो मागून घेत, मोजत, एकमेकांचं पुसत. कामिनीने या दोन भावांना इतक्या जवळ बसून इतक्या बिनमहत्त्वाच्या गोष्टीवरून भांडताना कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. आबा लढाईभर ज्या यंत्राचे पंख जोडत राहिले, ते या दोघांना मातीत धड काढता येत नाही, याचं तिला हसू आलं, आणि डोळ्यांत आलेलं पाणी तिने पदराने पुसलं.

शेवटी विमान जमलं. चांगलं हातभर लांब झालं. त्याच्याखाली हेमकांतने एक माणूस काढला, बोटाएवढा, हातात किटली.

इंद्रसिंग काठी टेकत उठला आणि चित्राभोवती एक फेरी मारून आला. मग वाकून त्याने तळहाताने ते सगळं पुसून टाकलं आणि हेमकांतच्या हातात कांबी परत दिली. या वेळी तो थेट अहिराणीत बोलला, ममताला मध्ये न घेता.

"मानूस मोठा काढ," तो म्हणाला. "इमान धाकलं चाली."